बाबा आंघोळीला गेलेत

माझं मौन सकाळी सहा ते सात असतं. बावीस वर्षं झाली. दिवसाचा पहिला शब्द देवाचा असावा, त्याच्यासमोर दिवा लावून बसावं आणि त्याआधी कुणाशी बोलू नये, असं एकदा मनात आलं आणि ते पुढे चालत राहिलं. यात माझा मोठेपणा काही नाही. पुढे नवरा गेला, मुलगी परगावी नोकरीला लागली. सकाळी माझ्याशी बोलायला घरात असतंच कोण? मुलगी म्हणते, "आई, तुझं मौन म्हणजे रविवारी शाळेला दांडी मारण्यातला प्रकार आहे." मी हसते. पोरगी खोटं बोलत नाही.

त्या मंगळवारी साडेसहाच्या सुमाराला दाराची बेल वाजली. एकदाच.

मी उठले नाही. मौनात असताना उठत नाही मी, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी जे झालं ते देवाला माहीत आहे, म्हणून इथेही सांगते. बेल वाजल्यावर मी देवाचं नाव घ्यायचंही थांबले. श्वास धरला. पाटाचा आवाज होऊ नये म्हणून पाय तसाच ठेवला. आणि दाराखालच्या फटीतून उजेड दिसू नये म्हणून दिव्यासमोर हाताचा आडोसा धरला. चोपन्न वर्षांची बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या देवासमोर लपून बसले होते.

बाहेर कुणीतरी थोडा वेळ उभं होतं. मग पावलं जिना उतरून गेली, सावकाश. मी श्वास सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून नाव घ्यायला लागले.

हे असं लपणं मला कुणी शिकवलं, ते सांगायला हवं.

आम्ही गळ्यात किल्ली असलेली पोरं. आमच्या आधीच्या पोरांच्या आया घरी असायच्या, किंवा आजी तरी असायची. आमच्या वेळेला आया नोकरीला लागल्या आणि आज्या होत्या तिथेच, दूर राहिल्या. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, बाबा छापखान्यात पाळीवर. माझ्या वर्गात अशी अकरा पोरं होती. शर्टाच्या आत नाडीला बांधलेली किल्ली असायची आणि धावताना ती छातीवर आपटायची. अजून मी जिना भराभर चढले की तिथे काहीतरी आपटल्यासारखं वाटतं.

दादा दहा वर्षांचा आणि मी सात. शाळेतून येताना मी त्याच्या मागे मागे, म्हणून माझं नाव 'शेपूट'. दार उघडायचं, आत जायचं, कडी लावायची, झाकून ठेवलेलं खायचं आणि आई येईपर्यंत घरात कुणी नाही असं वागायचं. कपाटाच्या दाराला आतून आईने कागद चिकटवला होता. गॅसला हात लावायचा नाही. खिडकीत उभं राहायचं नाही. कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही. 'तुझ्या आईने पाठवलंय' म्हणालं तर मुळीच नाही. शेवटची ओळ फोनसाठी होती. आई-बाबा घरी नाहीत असं कुणाला सांगायचं नाही. बाबा आंघोळीला गेलेत, असं सांगायचं.

दादा हे इतकं झोकात सांगायचा, की बाबांचे साहेब एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "काय हो, तुम्हाला केव्हाही फोन करावा तर तुम्ही आंघोळीला! एवढा स्वच्छ माणूस नाही पाहिला मी."

घरच्या माणसांची खूण वेगळी. आईचा फोन दोनदा वाजून बंद व्हायचा आणि मग पुन्हा वाजायचा. बेलचंही तेच. दोनदा तुटक आणि एकदा लांब वाजली, तर बाहेर दादा. एकदाच वाजली, तर परका. किल्ली ठेवायची जागाही ठरलेली होती. बाहेर पडावंच लागलं तर दाराशेजारच्या मीटरच्या पेटीवर, मागच्या बाजूला, जिथे दादाचा हात स्टुलावर चढून कसाबसा पोचायचा.

एकदा मला दुपारी सणसणून ताप भरला. आईच्या एक्स्चेंजचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. दादा त्या नंबराकडे बघत उभा राहिला आणि मग परत येऊन माझ्या कपाळावरचा ओला रुमाल बदलत बसला. चार तास. आई आल्यावर आधी घाबरली, मग त्याला जवळ घेऊन म्हणाली, "शहाणी गं माझी पोरं. मला कामावर कळूसुद्धा दिलं नाहीत."

कुणाची आई आपल्या पोरांचं वाईट चिंतेल? ती दमलेली होती, तिला बरं वाटलं, ती बोलून गेली. पण त्या एका वाक्यावर आम्ही दोघं मोठे झालो.

नऊ वाजता मी दुकानात जायला निघाले. तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी पँट आखूड करते, कंबर सैल करते. खाली इस्त्रीवाला कोळसा फुलवत होता. म्हणाला, "ताई, भाऊ भेटले का?"

"कोण भाऊ?"

"तुमचे. सकाळी आले होते ना. हातात बॅग होती. मी म्हटलं, लिफ्ट चालू आहे, तर म्हणाले, लिफ्टवर माझा विश्वास नाही."

दादाच तो. पस्तीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक होता आणि स्वतः कायम जिन्याने गेला. लिफ्ट मध्येच अडकली की लोक त्याला बोलवायचे. दार उघडायच्या आधी तो बाहेरून आत अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचा. घाबरू नका, मी आलोय, इथेच आहे, तुमचं नाव काय, सकाळी काय खाल्लंत. त्याच्याबरोबर काम करणारे म्हणायचे की याला दार उघडायला वेळ लागत नाही, गप्पा संपायला लागतो. घरी मात्र वहिनी गेल्यापासून त्याचं बोलणं महिन्यातून एका फोनवर आलं होतं. "बरं आहे ना?" "बरं आहे." "मग ठीक."

"बॅग केवढी होती?" मी विचारलं.

"दोन दिवसांचे कपडे बसतील एवढी. खाली येऊन या पायरीवर दहा मिनिटं बसले. मी चहा विचारला, तर म्हणाले, आज उपाशी राहायचंय."

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

का कोण जाणे, मी परत वर गेले. लिफ्टने नाही गेले. जिन्याने, आणि छातीवर ते आपटत होतं. दाराशेजारच्या मीटरच्या पेटीवर हात फिरवला. आता माझा हात सहज पोचतो. मागच्या बाजूला किल्ली होती. त्याच्या घराची, जुन्या नाडीला बांधलेली.

चिठ्ठी नव्हती. आमच्यात चिठ्ठी लागत नाही. किल्ली पेटीवर म्हणजे, मी बाहेर जातोय आणि मी येईपर्यंत घर तुझं.

दुकानात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच अशी आयत्या वेळी राहिले असेन. मालकीण दचकून म्हणाली, "कोण गेलं?"

"कुणी नाही," म्हटलं, आणि बस पकडली.

दादाच्या घराचं दार उघडलं तर आत फिनाईलचा वास. सगळं जागच्या जागी. फ्रिज रिकामा करून, बंद करून, दार उघडं ठेवलेलं. अंथरुणाची घडी. कुंड्या न्हाणीघरात, पाणी भरलेल्या टबात ओळीने उभ्या. आणि कपाटाच्या दारावर त्याच्या सरळ, मेकॅनिकच्या अक्षरात एक कागद: गॅस बंद केला. पाण्याचा मुख्य नळ बंद केला. खिडक्या लावल्या. कुंड्यांना आठ दिवस पुरेल. खाली नाव नाही, वर नाव नाही. कुणासाठी लिहिलं होतं? जो कुणी येईल त्याच्यासाठी. मागे राहिलेल्याला काही त्रास पडू नये, एवढीच व्यवस्था.

मी त्या कागदासमोर थोडा वेळ उभी राहिले. आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी कागद आईचाच होता.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला पेन्सिलने लिहिलं होतं: दहा वाजता, उपाशी पोटी. खाली हॉस्पिटलचं नाव. घड्याळात साडेनऊ होऊन गेले होते. बसमध्ये मी देवाला एवढंच म्हटलं, की माझं बावीस वर्षांचं जे काही तुझ्याकडे जमा असेल ते सगळं आज वळतं करून घे, पण त्याला एकट्याला आत जाऊ देऊ नकोस.

तिसऱ्या मजल्यावर टेबलाशी एक नर्स बसली होती. चष्मा नाकावर, समोर कागदांचा ढीग. दादाचं नाव सांगितलं आणि बहीण म्हणून आले म्हटलं, तर तिने मान वर करून मला नीट पाहिलं.

"झाली का आंघोळ?"

"अं?"

"आठ वाजल्यापासून ऐकतेय मी. बरोबर कोण आहे म्हणून विचारलं की एकच उत्तर, बहीण आंघोळीला गेलीय, येईलच. साडेआठला विचारलं, आंघोळ. नऊला विचारलं, आंघोळ. म्हटलं, बाई नदीवर गेल्यात की काय!"

मला हसू आलं.

"आणि हे बघा," तिने एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, तिथे नंबर लिहिलाय. मी फोन लावून बघितला तर बंद. नंतर कळलं, हा त्यांचाच नंबर. मी विचारलं, काका, तुम्हाला काही झालं तर तुम्हालाच फोन करायचा का? तर म्हणतात, दुसऱ्याला कशाला त्रास."

जवळच्या माणसाने सही केल्याशिवाय त्याला आत घेणार नव्हते. डॉक्टर दोनदा येऊन गेले होते. अजून अर्धा तास कुणी आलं नसतं, तर आज रद्द करून पुढची तारीख देणार होते, आणि पुढची तारीख महिन्याने. पोटात गाठ होती. लवकर काढायची होती. हे सगळं मला नर्सकडून कळलं, उभ्या उभ्या.

मी सही केली. नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं, आणि फोनच्या रकान्यातला त्याचा नंबर खोडून माझा घातला.

दादा पलंगावर बसला होता. अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, मांडीवर बॅग, जणू बसची वाट बघतोय. केस किती पांढरे झाले होते. मला बघून आधी आनंद झाला त्याला, मी पाहिला तो, आणि मग त्याने तो झाकला.

"तू कशाला आलीस? दुकान?"

"आंघोळ झाली, म्हणून आले."

तो हसला. पोटावर हात धरून हसला, दुखत असणार.

"दादा, सकाळी तूच आला होतास."

"हो. म्हटलं, जाता जाता बघून जाऊ."

"एकदाच का वाजवलीस बेल? दोनदा वाजवून मग लांब वाजवली असतीस, तर मी उठले असते."

"म्हणूनच नाही वाजवली." त्याने बॅगेचा बंद सारखा केला. "तुझं मौन असतं ना सहा ते सात. दोनदा वाजवली की तू उठणारच. कशाला मोडायचं तुझं? म्हटलं, एकदा वाजवावी. उघडलंस तर सांगू. नाही तर नाही."

"सात वाजेपर्यंत थांबायचं मग."

"थांबलो असतो. पण मग तू दार उघडून विचारलं असतंस, इतका वेळ बाहेर का उभा होतास. तुला वाईट वाटलं असतं."

माझी मुलगी तिथे असती तर तिने कपाळाला हात लावला असता. ती नेहमी म्हणते, "तुमची पिढी म्हणजे ना, आई! दुखलं तर सांगायचं नाही, आणि कुणी विचारलं नाही म्हणून रुसायचं." ती स्वतः शिंक आली तरी मला कळवते. तिला मी तसंच वाढवलं, मुद्दाम. तिच्या गळ्यात मी कधी किल्ली घातली नाही. आणि आता ती मला दिवसातून चारदा विचारते, तेव्हा मी चारही वेळा सांगते की बरं आहे.

"दादा, मी जागीच होते," मी म्हटलं. "बेल ऐकली. मौन होतं म्हणून उठले नाही असं नाही. दिव्याला हात आडवा धरून बसले होते. तेव्हासारखी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "फटीतला उजेड गेला ना."

म्हणजे बाहेर तो, आत मी, मध्ये एक दार. आणि दोघांनाही दुसऱ्याचं कळत होतं. त्याने उजेड गेलेला पाहिला, आणि शहाणी गं माझी शेपूट, असं म्हणून खाली उतरला असेल.

वॉर्डमधला माणूस चाकाची खुर्ची घेऊन आला. दादाने बॅग माझ्याकडे दिली. लिफ्टपाशी आल्यावर त्याचा चेहरा बदलला. जिना नव्हता त्याला आज. दार लागायच्या आधी मी वाकून म्हटलं, "घाबरू नकोस. मी आलेय. इथेच आहे. सकाळी काय खाल्लंस?"

"उपाशी आहे गं," तो म्हणाला, आणि दार लागलं.

अडीच तास मी बाकावर बसले. समोरच्या बाकावर एका पेशंटची सात माणसं होती, डबे, उश्या, भांडणं. माझ्याबरोबर दादाची बॅग. दार उघडून कुणीतरी विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?" तेव्हा मी इतक्या झटकन उभी राहिले की बॅग खाली पडली. "मी आहे," म्हटलं. सात माणसांनी वळून पाहिलं, जरा मोठ्यानेच म्हणाले असेन.

गाठ निघाली होती. तपासणीचा रिपोर्ट आठ दिवसांनी.

पाच दिवसांनी त्याला सोडलं. माझ्याकडे चल म्हणून मी सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं.

"तुला कशाला त्रास," त्याचं एकच.

"मला त्रास हवाय, दादा."

हे ऐकून तो गोंधळला. असं काही मागता येतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मलाही कुठे होतं? पण त्याच्या घराच्या दाराशी आल्यावर त्याने हात पुढे केला. "किल्ली."

मी दिली. तिच्याबरोबर दुसरीही दिली, माझ्या घराची, नवीन करून आणलेली. तो ती उलटसुलट करून बघत राहिला, मेकॅनिक बघतो तशी.

"मी काही वापरणार नाही ही."

"नको वापरूस. असू दे."

रिपोर्ट चांगला आला. आठव्या दिवशी आला, आणि मला अकराव्या दिवशी कळवला. मध्ये तीन दिवस काय करत होतास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तू कामात असशील म्हटलं."

या गोष्टीला आता चार महिने झाले. माझं मौन चालू आहे, सहा ते सात. फक्त बसण्याआधी मी दाराची कडी काढते आणि दार बोटभर उघडं ठेवते. वाऱ्याने ते हलतं, दिव्याची ज्योत हलते आणि माझं लक्ष जातं. पूर्वी लागायचं तितकं मन आता लागत नाही. देवाला मी सांगून ठेवलंय, की एवढं चालवून घे.

दादा आलेला नाही. महिन्यातून एकदा व्हायचा तो फोन आता आठवड्यातून एकदा होतो. "बरं आहे ना?" "बरं नाही, गुडघा दुखतोय," असं मी मुद्दाम सांगते. मग तो जरा वेळ थांबतो आणि विचारतो, "उजवा की डावा?" तेवढं जास्तीचं बोलणं होतं. परवा त्याने स्वतःहून सांगितलं, की टाके ओढतात. मी त्या दिवशी देवाचे आभार मानले.

काल सकाळी पावणेसातला जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. दाराशी येऊन थांबली. बेल वाजली, एकदाच.

मी नाव घेत होते ते तसंच राहिलं. या वेळी श्वास धरला नाही, हातही आडवा आला नाही. बसल्या जागेवरून मोठ्याने म्हटलं, "ये. उघडंच आहे."

दार ढकलून इस्त्रीवाला आत डोकावला. खांद्यावर माझ्या कपड्यांचं गाठोडं.

"ताई? बोललात?" तो घाबराच झाला. "माझ्यामुळे मोडलं का हो? मी खरं तर एकदा बेल देऊन, गाठोडं कडीला अडकवून जाणार होतो. आज गावाला निघालोय, म्हणून लवकर आलो. त्यात लिफ्ट बंद पडलीय, जिने चढून चढून..."

"नाही हो," मी म्हटलं. "नाही मोडलं."

त्याने गाठोडं खुर्चीवर ठेवलं. चपला पायात सरकवल्या आणि दाराला हात घातला.

"ओढून घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे तसंच."